निवृत्तीनंतरचे शिक्षण : लष्करी श्वान घरी येतो तेव्हा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मे २०२४ मध्ये रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाच्या डब्यात विसावलेल्या एका प्रवाशाचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. प्रवाशाचे नाव मेरू, वय नऊ वर्षे, नेमणूक २२ आर्मी डॉग युनिट, काम माग काढण्याचे. सेवा पूर्ण करून तो मेरठला निघाला होता. उरलेले आयुष्य तेथील लष्करी श्वानांच्या निवाऱ्यात त्याने काढावे, अशी व्यवस्था झाली होती. निवृत्त होणाऱ्या श्वानासोबत त्याच्या हँडलरला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या आणि त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या जवानाला, प्रथम वर्गाने प्रवास करण्याची मुभा संरक्षण मंत्रालयाने त्याच सुमारास दिली होती. ज्याने आयुष्यभर पायी डोंगर तुडवले, त्याचा शेवटचा सरकारी प्रवास मानाने झाला, याचे सर्वांना कौतुक वाटले.

कौतुक योग्यच होते. परंतु गाडी मुक्कामी पोहोचल्यावर अशा श्वानाच्या आयुष्यात काय सुरू होते, याचा विचार फारसा होत नाही. काही श्वान लष्कराच्याच निवाऱ्यात राहतात; काही मात्र सामान्य कुटुंबांच्या घरी जातात. घरात आजी-आजोबा असतात, शाळेत जाणारी मुले असतात, कुकरची शिट्टी असते, दारावरची घंटा असते. त्या घरात या पाहुण्याला नव्याने जगायला शिकावे लागते. त्या शिक्षणाचा आणि ते देणाऱ्या कुटुंबाच्या जबाबदारीचा विचार हा या व्याख्यानाचा विषय आहे. शाळेच्या उत्सवात शिक्षणाविषयी बोलावे हे रीतीला धरूनच आहे. विद्यार्थी तेवढा निराळा आहे.

प्रथम या विद्यार्थ्याची पूर्वतयारी पाहू. भारतीय सैन्यातील प्राण्यांची निगा, प्रशिक्षण आणि उपचार रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर या दलाकडे असतात. दलाचा इतिहास १७७९ पासून सांगितला जातो. घोडे आणि खेचरे हा त्याचा जुना व्यवसाय. श्वानांच्या प्रशिक्षणाची शाळा मेरठ येथे १९६० मध्ये सुरू झाली. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि अलीकडच्या काळात बेल्जियन मॅलिन्वा या जातींचे श्वान तेथे तयार होतात. कोणी पुरलेले सुरुंग आणि स्फोटके शोधतो, कोणी पळालेल्याचा माग काढतो, कोणी पहारा देतो, कोणी बर्फाच्या कड्याखाली गाडल्या गेलेल्या माणसाला हुडकतो, तर कोणी दहशतवादी लपलेल्या घरात सर्वांच्या आधी शिरतो.

या सर्व कामांचे भांडवल म्हणजे नाक. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे पन्नास-साठ लाख असतात. श्वानाच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असतात. खमंग आमटीचा वास आला की माणूस ‘आमटी’ म्हणून मोकळा होतो. श्वानाला त्याच वासात डाळ, हिंग, मोहरी आणि भांडे घासल्याची राख वेगवेगळी कळते. म्हणूनच मातीखाली, पेट्रोलच्या टाकीत किंवा कपड्यांच्या गाठोड्यात दडवलेले स्फोटक त्याच्यापासून लपत नाही.

पण केवळ नाकाने सैनिक घडत नाही. प्रशिक्षणाचे मर्म असे की श्वानाच्या दृष्टीने हे सारे काम म्हणजे एक खेळ असतो. ठरावीक वास सापडला, की त्याने त्या जागी मुकाट बसायचे. भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही. मग हँडलर खिशातून चेंडू काढतो, पाठ थोपटतो, शाबासकी देतो. त्या चेंडूसाठी आणि त्या शाबासकीसाठी तो दिवसभर उन्हात चालतो. त्याला राष्ट्र ठाऊक नाही, सीमारेषा ठाऊक नाही, शत्रू कोण हेही ठाऊक नाही. त्याला ठाऊक असतो तो साखळीच्या दुसऱ्या टोकाचा एक माणूस. तोच खाऊ घालतो, तोच अंग पुसतो, तोच पंजातले काटे काढतो. हे ध्यानात घेतले म्हणजे निवृत्तीत त्याचे काय हरपते ते समजते. एकाच दिवशी त्याचा खेळही जातो आणि खेळगडीही जातो.

कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या श्वानांची नावे देशाला माहीत आहेत. मानसी नावाची लॅब्राडोर ऑगस्ट २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात घुसखोरांशी झालेल्या चकमकीत आपल्या हँडलरसह ठार झाली. झूम हा ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यात दहशतवादी दडलेल्या घरात शिरला, गोळ्या लागूनही मागे हटला नाही, आणि काही दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याने प्राण सोडला. केंट ही लॅब्राडोर सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरी जिल्ह्यात आपल्या हँडलरला वाचवताना पडली. या सर्वांना लष्कराने मानवंदना दिली, पुष्पचक्रे वाहिली.

धारातीर्थी पडलेल्याचा सन्मान करण्यास एक दिवस पुरतो. जो वाचतो, म्हातारा होतो, ज्याचे मागचे पाय आखडतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, त्याचा सन्मान रोज करावा लागतो. तो अवघड असतो, म्हणूनच फार काळ तो झालाही नाही.

हा इतिहास कटू आहे, पण मुलांपासून लपवण्याजोगा नाही. अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात सुमारे चार हजार श्वान वापरले. त्यांतील मायदेशी परतले ते दोनशेच्या आसपास. बाकीचे काही लढाईत वा रोगाने मेले, काहींना दयामरण दिले गेले, काही मागेच सोडले गेले. सैन्याच्या हिशेबात ते साहित्य होते आणि अतिरिक्त साहित्य परत आणले जात नाही. त्यांच्या हँडलरांना ही खंत आयुष्यभर पुरली. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली आणि निवृत्त लष्करी श्वान कुटुंबांना दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. तो कायदा रॉबी नावाच्या एका श्वानाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या हँडलरला तो हवा होता. कायदा झाला, पण आजाराने जर्जर झालेल्या रॉबीला मात्र घर लाभले नाही; २००१ च्या जानेवारीत लष्करी तळावरच त्याचा शेवट झाला.

आपल्या देशातही कामास असमर्थ ठरलेल्या लष्करी श्वानांना दयामरण देण्याची प्रथा होती. २०१५ मध्ये माहिती अधिकाराखाली विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरातून ती लोकांसमोर आली. सुरक्षेची आणि देखभालीच्या अडचणींची कारणे त्यामागे सांगितली जात. लोक अस्वस्थ झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शासनाने पुनर्वसनाचे धोरण आखण्याची तयारी दाखवली. त्यानंतर चित्र पालटू लागले. वृद्ध श्वानांसाठी निवारा आणि इच्छुक कुटुंबांना दत्तक देणे, अशा दोन वाटा आज उपलब्ध आहेत.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा राहतो. भाऊ गेले, द्रौपदी गेली. सोबत उरला एक कुत्रा. रथ तयार आहे, पण कुत्र्याला सोडावे लागेल, असे इंद्र सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. त्याचा युक्तिवाद कुत्र्याच्या उपयोगाचा नाही. त्या कुत्र्याने त्याला काही मिळवून दिलेले नाही. आश्रयाला आलेल्याला आणि अखेरपर्यंत सोबत चाललेल्याला टाकता येत नाही, एवढेच तो म्हणतो. लष्करी श्वानाच्या बाबतीत हे ऋण अधिकच ठळक आहे. तो स्वतःहून भरती झालेला नसतो. त्याने करार केलेला नसतो, निवृत्तिवेतन मागण्याची त्याला वाचा नसते. ज्यांनी त्याला भरती केले, त्यांच्यावरच त्याच्या म्हातारपणाचे उत्तरदायित्व येते.

आता तो घरी आला आहे असे समजू. वय नऊ वर्षे. लॅब्राडोरचे आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचे, म्हणजे हाताशी असलेला काळ थोडा. घरच्यांच्या मनात उत्साह ओसंडत असतो. आजोबांनी हार आणून ठेवलेला असतो, मुलांना त्याला मिठी मारायची असते, शेजारी छायाचित्र काढायला दारात उभे असतात. आणि पाहुणा कोपऱ्यात उभा राहून दरवाजाकडे पाहत असतो. खायला ठेवले तरी तोंड लावत नाही. गादी घातली तरी बसत नाही. कुटुंबाला वाटते, त्याला घर आवडले नाही.

वस्तुतः त्याला घर कळलेलेच नसते. आजवर त्याचे दोन जगांशी परिचय होते : एक श्वानगृह, तेथे विश्रांती, दुसरे मैदान, तेथे काम. घर हे दोन्हींपैकी काहीच नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. जिना, लिफ्ट, आरसा, फिरणारा पंखा, मिक्सरचा आवाज, यांतले बरेचसे त्याला अपरिचित असते. जेवणाची आज्ञा मिळाल्याशिवाय खायचे नाही, फिरायला नेल्याशिवाय देहधर्म उरकायचा नाही, अशी त्याला सवय असते. जे वागणे अलिप्त वाटते ते प्रत्यक्षात शिस्तीचे असते. तो आज्ञेची वाट पाहत असतो, आणि आज्ञा देणारा माणूस तेथे नसतो.

म्हणून श्वान सांभाळणारे अनुभवी लोक एक ठोकताळा सांगतात : पहिले तीन दिवस भांबावण्याचे, पुढचे तीन आठवडे दिनक्रम समजण्याचे, आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे. हा काही शास्त्रीय नियम नव्हे. कोणाला कमी दिवस लागतात, कोणाला पुष्कळ जास्त. पण त्यातला बोध पक्का आहे. पहिल्या दिवसांत हार-तुरे, पाहुणे आणि छायाचित्रे यांना सुट्टी द्यावी. त्याला एक कोपरा द्यावा, तो कायम त्याचाच राहावा. तेथे तो असताना मुलांनी त्याच्याजवळ जाऊ नये, झोपेत त्याला हात लावू नये, मागून येऊन मिठी मारू नये. मिठी ही माणसांची रीत आहे. श्वानाला ती पकड वाटू शकते. जवळ येण्याचा निर्णय त्याचा असू द्यावा. घरातल्या सर्वांनी आज्ञांचे शब्द एकच वापरावेत, आणि शक्य झाले तर ते त्याच्या हँडलरकडून विचारून घ्यावेत. आजोबांनी एक शब्द, नातवाने दुसरा आणि आईने तिसरा वापरला, तर तो आज्ञाधारक विद्यार्थीही गोंधळतो.

दिनक्रम हे त्याचे सर्वांत मोठे औषध. उठण्याची, फिरण्याची, जेवण्याची वेळ ठरलेली असली की त्याच्या मनाला टेकू मिळतो. शिस्त एकदम काढून घेणे म्हणजे चालताना काठी हिसकावून घेण्यासारखे आहे. ती हळूहळू सैल करावी लागते.

त्याचे नाक मात्र निवृत्त होत नाही. ते रिकामे ठेवले तर तो बेचैन होतो, दारे ओरबाडतो, येरझारा घालतो. त्याला घरगुती काम द्यावे. अंगणात किंवा गच्चीवर भाकरीचे तुकडे दडवून ते शोधायला लावावेत. लवंग बांधलेली पुरचुंडी कपाटामागे ठेवून सापडल्यावर चेंडू द्यावा. घरातल्या मुलांना या खेळात भाग घेता येतो. हळूहळू हँडलरच्या जागी एक खेळगडी त्याला मिळतो, आणि तो बहुधा घरातला सर्वांत लहान सदस्य असतो.

या नाकाविषयी एक गोष्ट कुटुंबांनी आधीच जाणून घ्यावी. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांची पिशवी घरात आली, आणि स्फोटके हुडकण्याचे शिक्षण घेतलेला श्वान त्या कपाटासमोर जाऊन मुकाट बसला, तर हसू नये आणि त्याला हाकलूही नये. तो काही मागत नसतो. आयुष्यभर शिकवलेली सूचना तो देत असतो : येथे दारू आहे, जपून. त्या क्षणी त्याची पाठ थोपटावी, चेंडू द्यावा, आणि पिशवी घराबाहेर न्यावी. त्याने काम केले आणि कोणी लक्ष दिले नाही, असे त्याला वाटू देऊ नये. निवृत्त माणसाचा सल्ला घरात कोणी ऐकत नाही तेव्हा त्याला काय वाटते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना ठाऊक आहे.

दिवाळीचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. इराक आणि अफगाणिस्तानमधील युद्धांनंतर अमेरिकी लष्कराच्या पशुवैद्यांच्या लक्षात आले, की काही श्वानांचे वागणे कायमचे बदलले आहे. काही आवाजाला दचकतात, काही पूर्वी ज्या इमारतीत आनंदाने शिरत तेथे पाऊल टाकत नाहीत, काही हँडलरला क्षणभर सोडत नाहीत, तर काही त्याच्यावरच गुरगुरतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत आढळणाऱ्या मानसिक आघाताशी हे फार जुळत होते. २०११ च्या सुमारास हा विकार श्वानांतही मानला जाऊ लागला. त्यावर विश्रांती, भीतिदायक आवाजाची अगदी हलक्या पातळीपासून सवय लावणे, त्या आवाजाशी आवडत्या गोष्टीची सांगड घालणे आणि गरजेनुसार औषधे, असे उपचार होतात.

घरच्या भाषेत याचा अर्थ असा, की ज्याने खरे स्फोट ऐकले आहेत त्याच्या दृष्टीने सुतळी बॉम्ब हा खेळ नव्हे. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत ठेवावे, खिडक्या लावाव्यात, संथ संगीत किंवा पंखा चालू ठेवावा, घरातले कोणीतरी जवळ बसावे. भीती फार असेल तर आधीच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. भेदरलेल्या श्वानाला ओरडू नये. एका निवृत्त श्वानासाठी एखाद्या गल्लीतील मुलांनी दणदणाटी फटाके बंद ठेवले, तर ती मानवंदना कोणत्याही पुष्पचक्राहून उणी ठरणार नाही.

शरीराकडेही लक्ष हवे. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींना खुब्याच्या सांध्याचे विकार जडण्याची शक्यता अधिक असते, आणि वर्षानुवर्षांच्या उड्यांनी, चढणींनी सांधे झिजलेले असतात. फरशीवर सतरंज्या किंवा रबरी पायपुसणी अंथरावीत, बिछाना मऊ असावा, जिन्यावर आधार द्यावा. वजन वाढू देऊ नये. काम थांबले आणि लाड वाढले की ते झपाट्याने वाढते. येथे आजीची परीक्षा असते. ताटातला घास त्याला द्यावा असे तिला वाटते, पण कांदा-लसणाची फोडणी, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हे पदार्थ श्वानाला विषारी ठरू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या बेदाण्यांचाही त्यात समावेश होतो. वेळेवर लसी, दातांची आणि डोळ्यांची तपासणी, उन्हाळ्यात सावली आणि भरपूर पाणी, ही सारी व्यवस्था खर्चाची आणि वेळेची आहे. घरी आणण्यापूर्वीच तिचा हिशेब करावा.

येथेच एक स्पष्ट गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक निवृत्त श्वान घरात देण्याजोगा नसतो, आणि प्रत्येक घर श्वान घेण्याजोगे नसते. हल्ल्यासाठी तयार केलेला एखादा श्वान लहान मुलांच्या घरात धोक्याचा ठरू शकतो. म्हणून दत्तक देण्यापूर्वी त्याच्या स्वभावाची पारख केली जाते, आणि घेणाऱ्यानेही स्वतःची पारख करावी. दिवसभर कुलूपबंद राहणारे घर, वारंवार बदली होणारी नोकरी, घरातल्या कोणाला वाटणारी भीती, ही नकार देण्यास पुरेशी कारणे आहेत. प्रामाणिक नकारात त्या श्वानाचे हित आहे. भावनेच्या भरात घरी आणायचे आणि सहा महिन्यांनी परत पाठवायचे, हा त्याचा दुसऱ्यांदा झालेला वियोग असतो.

वियोगाचा उल्लेख आला म्हणून एका कुटुंबाची हकिगत सांगितली पाहिजे. अमेरिकी मरीन सैन्यात लेक्स नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याचा हँडलर कॉर्पोरल डस्टिन ली मार्च २००७ मध्ये इराकमधील फलुजा येथे रॉकेटच्या माऱ्यात मारला गेला. लेक्स स्वतः जखमी झाला होता. डस्टिनच्या आई-वडिलांनी लेक्सला मागितले. नियमानुसार लेक्सची सेवा अजून शिल्लक होती. तरीही अखेर लष्कर तयार झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लेक्स मिसिसिपी राज्यातील ली कुटुंबाच्या घरी आला. मारल्या गेलेल्या हँडलरच्या घरी श्वानाला मुदतीपूर्वी सोडण्याची ती पहिलीच वेळ होती.

घरी आला तो बरा होऊन आलेला नव्हता. शरीरात धातूचे तुकडे राहिले होते, चालताना वेदना होत. ज्याचा मुलगा गेला आहे ते घर आणि ज्याचा माणूस गेला आहे तो श्वान, अशी ही सोबत होती. त्या आई-वडिलांनी त्याला डस्टिनची जागा दिली असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे ठरणार नाही. ती जागा कोणी घेऊ शकत नाही. त्यांनी त्याला त्याची स्वतःची जागा दिली. त्याच्या दुखण्यावर उपचार केले, आणि त्याला घेऊन ते रुग्णालयांतील जखमी सैनिकांना भेटायला जात राहिले. २०१२ च्या मार्चमध्ये लेक्स गेला. सव्वाचार वर्षांच्या त्या काळात त्याला नवे काम मिळाले होते. त्या कामात आज्ञा नव्हती, शोध नव्हता, नुसते शेजारी बसणे होते.

आपल्याकडचेही एक उदाहरण मोलाचे आहे. ते लष्करी नव्हे, मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील श्वानांचे आहे. २००८ च्या नोव्हेंबरमधील दहशतवादी हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चौघांनी काम केले. निवृत्तीनंतर त्यांना विरार येथील एका शेतघरात निवारा मिळाला. वेगवेगळ्या ठिकाणी पांगवण्याऐवजी त्यांना एकत्र राहता आले, हे त्या व्यवस्थेतले शहाणपण. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. सर्वांत शेवटी सीझर गेला. सोबती गेल्यावर तो खचला होता, असे त्याच्या सांभाळणाऱ्यांनी पाहिले. श्वानाला माणसाची माया हवी असते तशी आपल्या जातीची सोबतही हवी असते, एवढे त्यातून शिकता येते.

शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आणखी एक नोंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या स्थापनादिनाच्या निमित्ताने लष्कराने बारा निवृत्त श्वान विशेष मुलांच्या आशा शाळांना आणि श्वानप्रेमी नागरिकांना दिले. ज्या मुलाला बोलणे जड जाते, नजरेला नजर देणे अवघड जाते, त्याच्याजवळ एक शांत, शिकवलेला, संयमी प्राणी बसतो. तो मुलाला घाई करत नाही, चुकीला हसत नाही, प्रश्न विचारत नाही. स्फोटकासमोर निश्चल बसण्याचा जो सराव मेरठच्या मैदानावर झाला, तोच येथे दुसऱ्या रूपाने उपयोगी पडतो. शिकलेले वाया जात नाही, हे गुरुजनांचे आवडते वाक्य येथे चार पायांवर चालताना दिसते.

विद्यार्थी मित्रहो, सर्वांच्याच घरी निवृत्त लष्करी श्वान येणार नाही. पण हा धडा तेवढ्यापुरता नाही. घरात आजोबा निवृत्त होऊन बसलेले असतात. पहाटे पाचला उठण्याची, बूट चकाकते ठेवण्याची त्यांची सवय सुटत नाही. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी घंटा ऐकली की अजून घड्याळाकडे पाहतात. त्या सवयींना विक्षिप्तपणा म्हणणे सोपे आहे. त्या सवयींच्या बळावर कोणाचे तरी रक्षण झाले, कोणाचे तरी शिक्षण झाले, हे आठवले की नजर बदलते. उपयोग संपल्यावर एखाद्याशी कसे वागले जाते, त्यावरून घराची आणि देशाचीही संस्कृती कळते. साठ वर्षे उभी असलेली शाळा हे जाणते; तिच्या पायाशी अशा कितीतरी निवृत्तांचे कष्ट आहेत.

आणि त्या श्वानाचे शिक्षण पूर्ण झाले हे कसे ओळखावे? त्यासाठी प्रमाणपत्र नसते. एखाद्या दुपारी दारावरची घंटा वाजते. तो कान टवकारतो, मान उचलतो, दरवाजाकडे पाहतो. घरातले कोणीतरी उठून दार उघडायला जात असल्याचे त्याला दिसते. मग तो मान पुन्हा सतरंजीवर टेकवतो, कुशीवर वळतो, पाय ताणतो आणि झोपी जातो. पहारा आता दुसऱ्या कोणाकडे आहे, यावर त्याचा विश्वास बसलेला असतो. हा विश्वास त्याच्या मनात निर्माण होईपर्यंत वाट पाहणे, हेच त्या कुटुंबाचे काम.